दोनच्या घनमुळाला शून्य गुण का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या दांडिया बाजारातील वाड्यात राहणारी, यंदा अकरावीत असलेली एक मुलगी शिकवणी वर्गातल्या चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. तीन गुणांचा प्रश्न होता: दोनचे घनमूळ अपरिमेय आहे, हे सिद्ध करा. तिने चार ओळींत उत्तर लिहिले होते. त्या चारही ओळींवरून तांबड्या शाईची एक तिरपी रेघ गेली होती, समासात शून्य होते आणि खाली गुजरातीत एवढाच शेरा होता की ही रीत चालणार नाही. ‘‘आजोबा, रीत चालणार नाही म्हणजे उत्तर चुकलं का?’’ असे तिने मला विचारले. बडोद्याच्या शाळांत गणित शिकवण्यात माझी छत्तीस वर्षे गेली, आणि तरीही हा प्रश्न मला चांगला आठवडाभर पुरला. त्याचे उत्तर आपल्या वाचकांपैकी जे गणित शिकवतात त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण असा शेरा मी आजवर अनेक ठिकाणच्या वह्यांवर पाहिला आहे.

तिचे उत्तर असे होते. समजा, दोनचे घनमूळ परिमेय आहे आणि ते ‘प भागिले क’ इतके आहे. प आणि क हे धन पूर्णांक आहेत. दोन्ही बाजूंचा घन केला, तर प चा घन हा क च्या घनाच्या दुप्पट येतो, म्हणजेच क चा घन अधिक क चा घन बरोबर प चा घन. परंतु दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज तिसऱ्या धन पूर्णांकाचा घन कधीच नसते, असे फर्माचे अंतिम प्रमेय सांगते. म्हणून मूळ गृहीतक चुकीचे आहे. उत्तर एवढेच. (मुलीची शाळा गुजराती माध्यमाची असल्यामुळे तिने ‘असंमेय’ लिहिले होते आणि मूळ संख्येला ती ‘अविभाज्य’ म्हणते, मी येथे आपले मराठी पाठ्यपुस्तकातले शब्द वापरले आहेत.)

ज्यांना या प्रमेयाची पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने १६३७ च्या सुमारास प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात लिहून ठेवले की, दोनपेक्षा मोठ्या कोणत्याही घातासाठी दोन धन पूर्णांकांच्या त्या घातांची बेरीज तिसऱ्या धन पूर्णांकाचा तोच घात असू शकत नाही. चौथ्या घाताची सिद्धता स्वतः फर्माच्या लिखाणातून मिळते. तिसऱ्या घाताची सिद्धता स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७० साली छापली. तिच्यातील एक पायरी अपुरी होती, ती पुढे भरून काढता आली. उरलेल्या घातांसाठी साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिज येथे सिद्धता जाहीर केली, तीत उणीव सापडली, सप्टेंबर १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने ती दूर झाली आणि मे १९९५ मध्ये दोन लेख मिळून सुमारे १३० पानांत ती प्रसिद्ध झाली. त्या पानांत विवृत्तीय वक्र, मॉड्युलर रूपे अशी उच्च गणितातली साधने आहेत, आणि त्यांच्याही मागे फ्राय, सेर आणि रिबेट या गणितज्ञांचे काम उभे आहे.

आता दोनचे घनमूळ अपरिमेय आहे, हे दाखवायला यातले काहीही लागत नाही. दहावीच्या पहिल्याच पाठात दोनच्या वर्गमुळासाठी जी रीत दिली आहे, तीच येथे लागू पडते. प आणि क यांना सामाईक विभाजक नाही असे धरा. प चा घन सम आहे, म्हणून प सम आहे; मग प च्या घनाला आठने भाग जातो, म्हणून क च्या घनाला चारने भाग जातो, म्हणून क देखील सम आहे; आणि सामाईक विभाजक नाही असे आपण आधीच म्हटले होते. फळ्यावर हे लिहायला दोन मिनिटे पुरतात. तेव्हा परीक्षकाच्या मनात ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ अशी भावना आली असेल, तर ती मी समजू शकतो. मलाही पहिल्या क्षणी तसेच वाटले होते. परंतु डोंगर पोखरून काढलेला उंदीरही उंदीरच असतो, आणि कष्ट जास्त झाले म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. गणितात एखाद्या उत्तराला चूक म्हणायचे असेल, तर त्यातली एखादी पायरी आधीच्या पायरीतून निघत नाही, हे दाखवावे लागते. तिच्या चार ओळींत अशी पायरी कोणती, हे शेऱ्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

म्हणून मी त्या चार ओळींकडे शिक्षक म्हणून पुन्हा पाहायला बसलो. कोणतेही सिद्ध झालेले प्रमेय वापरताना पहिली चौकशी ही करायची असते की, त्याच्या अटी पाळल्या गेल्या आहेत का. येथे घात तीन आहे, तो दोनपेक्षा मोठा आहे. संख्या धन आहेत, पूर्ण आहेत. दोन संख्या समान असू नयेत अशी अट प्रमेयात नाही. अटी पाळल्या गेल्या आहेत. एवढ्यावर उत्तर बरोबर ठरते, आणि मला विचाराल तर तीनपैकी तीन गुण तिचे होतात.

याच चौकशीतून एक गोष्ट मुलांना फार चांगली समजते. दोनच्या वर्गमुळाला फर्माचे प्रमेय हातही लावू शकत नाही, कारण घात दोन असताना ते प्रमेय खरेच नाही. तीन, चार, पाच हे त्रिकूट प्रत्येक मुलाला पाठ असते आणि पाच, बारा, तेरा हेही. वर्गमुळाच्या बाबतीत सिद्ध करायचे असते ते एवढेच की, काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या दोन भुजा समान असतील, तर तिन्ही बाजू पूर्णांकांत बसत नाहीत. आणि यासाठी दहावीच्या पुस्तकातली सम-विषमाची साधी रीतच लागते. साडेतीनशे वर्षांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले प्रमेय तिसऱ्या मुळापासून पुढे सगळीकडे पोहोचते आणि नेमके पहिल्या, सर्वांत सोप्या जागी थांबते, हे ज्या मुलाने एकदा स्वतः तपासून पाहिले, ते मूल कोणत्याही प्रमेयाची अट यापुढे वाचल्याशिवाय सोडणार नाही.

दुसरी चौकशी अधिक खोल आहे, आणि मला त्या शेऱ्यात तिची अपेक्षा होती. आपण ज्या मोठ्या प्रमेयाचा आधार घेत आहोत, त्याची स्वतःची सिद्धता आपल्या छोट्या विधानावरच तर टेकलेली नाही ना? तसे असेल तर आपण घराच्या गच्चीवर चढून पाया नीट आहे असे सांगत आहोत. हे तपासण्यासाठी मी घात तीनची सिद्धता ऑयलरच्या वाटेने कागदावर पुन्हा मांडली. (मुलीने वाइल्स यांचे नाव लिहिले होते, पण वाइल्स यांचे काम पाच आणि त्यापुढच्या, मूळ संख्या असलेल्या घातांसाठी लागते, घनांचा प्रश्न ऑयलरकडेच मिटतो. हे मी तिला सांगितले.)

मांडणी अशी होते. य आणि र यांच्या घनांची बेरीज ल च्या घनाइतकी आहे आणि तिघांत सामाईक विभाजक नाही असे समजू. तिघांपैकी नेमकी एक संख्या सम येते. गरज पडल्यास चिन्हे बदलून ती ल आहे असे धरता येते. मग य आणि र दोन्ही विषम, म्हणून त्यांची बेरीज सम आणि वजाबाकीही सम. बेरजेच्या निम्मे स आणि वजाबाकीच्या निम्मे ट म्हटले, तर य म्हणजे स अधिक ट आणि र म्हणजे स उणे ट. घन करून बेरीज केली की दिसते: स च्या दुपटीला ‘स चा वर्ग अधिक ट च्या वर्गाची तिप्पट’ याने गुणले की ल चा घन मिळतो. येथून पुढे ऑयलर दाखवतो की, तसेच पण आकाराने लहान असे दुसरे त्रिकूट मिळते, त्यातून आणखी लहान, त्यातून आणखी लहान. आणि पूर्णांकांत अशी उतरण अखंड चालू शकत नाही, म्हणून पहिले त्रिकूटच अशक्य आहे. ही उतरणीची युक्ती मूळ फर्माची.

आता मुलीच्या उत्तरात य आणि र ही एकच संख्या आहे. ती दोन्ही समान असतील तर ट शून्य येतो. ट च्या जागी शून्य ठेवून मी पुढच्या सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या, आणि दिसले ते असे की, तेथे उतरण होतच नाही: लहान त्रिकूट मिळण्याऐवजी फिरून तेच त्रिकूट हातात येते. म्हणून ही सिद्धता लिहिताना अगदी सुरुवातीला एक ओळ घालावी लागते, की य आणि र समान असतील तर सामाईक विभाजक नसल्यामुळे दोन्ही एकच असल्या पाहिजेत, आणि मग ल चा घन दोन आला पाहिजे; पण एकचा घन एक आणि दोनचा घन आठ, मध्ये दोन कोठेच नाही, म्हणून ही शक्यता सोडून द्या. म्हणजे जी गोष्ट मुलीला सिद्ध करायची होती, ती ऑयलरच्या सिद्धतेत उंबरठ्यावरच, एका ओळीत, सिद्ध करून टाकलेली आहे.

ही एक ओळ मला सापडली त्या संध्याकाळी मी तिला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून ती पुन्हा वाचली. तिचा चेहरा उतरला. तिला वाटले, आता आजोबाही शून्यच देणार. मी तिला जे सांगितले तेच येथे लिहितो, कारण यात पुष्कळ शिक्षकांचा घोटाळा होतो. तिची सिद्धता चूक नाही. फर्माचे प्रमेय पूर्णपणे सिद्ध झालेले आहे, त्या उंबरठ्यावरच्या ओळीसकट; त्यामुळे त्यातून निघालेला कोणताही निष्कर्ष खरा आहे. मात्र तिची सिद्धता स्वतंत्र नाही. दोनचे घनमूळ अपरिमेय आहे, या विधानाला तिच्यामुळे नवा टेकू मिळत नाही, कारण टेकू म्हणून जी भिंत घेतली ती आधीच याच विटेवर उभी आहे. चूक असणे आणि स्वतंत्र नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला गुण कापायचे असतात. दुसरीबद्दल मुलाशी बोलायचे असते.

येथवर आल्यावर गोष्ट संपली असती, पण ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि म्हणाली, ‘‘दोन जाऊ द्या, सातचं करते.’’ तिने लिहिले होते ते पाहून मला मनापासून आनंद झाला. सात म्हणजे आठ वजा एक. प चा घन जर क च्या घनाच्या सातपट असेल, तर प चा घन अधिक क चा घन हा क च्या घनाच्या आठपट होतो, आणि क च्या घनाची आठपट म्हणजे ‘क च्या दुपटीचा घन’. पुन्हा दोन घनांची बेरीज एक घन. पुन्हा फर्मा नाही म्हणतो. नऊ म्हणजे आठ अधिक एक, तेथेही तेच. सव्वीस, अठ्ठावीस, एकोणीस, पस्तीस, सगळे याच रीतीने येतात. आणि महत्त्वाचे हे की, येथे ऑयलरच्या उंबरठ्यावरची ती ओळ आड येत नाही: येथे य आणि र समान असते, तर सात आणि एक समान असायला हवे होते. सातच्या घनमुळासाठी तिची सिद्धता त्या आक्षेपातून मोकळी आहे.

मग तीनचे काय, असे मी विचारले. तीनपट म्हणजे क चा घन तीन वेळा; आणि तीन घनांच्या बेरजेबद्दल फर्माचे प्रमेय काहीही बोलत नाही. बोलू शकतही नाही, कारण तीनचा घन सत्तावीस, चारचा चौसष्ट, पाचचा एकशे पंचवीस, आणि तिघांची बेरीज दोनशे सोळा, म्हणजे सहाचा घन. तीन ही संख्या दोन परिमेय घनांची बेरीज किंवा वजाबाकी म्हणून लिहिता येत नाही, हेही फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. म्हणून या वाटेने तीनच्या घनमुळापर्यंत जाताच येत नाही. पाठ्यपुस्तकातली रीत मात्र दोनसाठी चालली तशी तीनसाठी, सातसाठी, नऊसाठी काही न बदलता चालते: कोणत्याही घनाचे मूळ अवयव पाडले तर प्रत्येक मूळ संख्या तिनाच्या पटीइतक्या वेळा येते, आणि तीनपट केल्याबरोबर तीन या मूळ संख्येचा हिशेब एकाने बिघडतो. सोप्या रीतीचे खरे सामर्थ्य त्या मुलीला अवघड रीतीच्या शेजारी ठेवल्यावर दिसले. नुसती सोपी रीत दहा वेळा गिरवून ते दिसले नसते, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

मोठ्या प्रमेयातून लहान गोष्ट काढण्याची सगळीच उदाहरणे अशी वळसा घालून परत येणारी नसतात. मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडच्या काळापासूनची गोष्ट आपण शाळेत तीन वाक्यांत सांगतो. तीच दुसरीकडून पाहा. एक, एक चतुर्थांश, एक नवमांश, एक सोळांश अशी वर्गांच्या व्यस्तांची बेरीज केली, तर ती पाय (π) च्या वर्गाचा सहावा भाग येते, हे ऑयलरने १७३५ च्या सुमारास शोधले. हीच बेरीज मूळ संख्यांवरून चालणाऱ्या गुणाकारातही मांडता येते: दोनसाठी चार तृतीयांश, तीनसाठी नऊ अष्टमांश, पाचसाठी पंचवीस चोविसांश, सातसाठी एकोणपन्नास अठ्ठेचाळिसांश, आणि असेच पुढे. पहिल्या चारांचा गुणाकार मी येथेच करून दाखवतो: १२२५ भागिले ७६८, म्हणजे सुमारे १.५९५, आणि पाय च्या वर्गाचा सहावा भाग सुमारे १.६४५. चार मूळ संख्यांतच आपण इतके जवळ आलो. आता समजा, मूळ संख्या मोजक्याच आहेत. मग हा गुणाकार मोजक्या अपूर्णांकांचा, म्हणून उत्तर परिमेय. पण पाय चा वर्ग अपरिमेय आहे, हे लजांद्रने १७९४ मध्ये सिद्ध केले. म्हणून मूळ संख्या मोजक्या असू शकत नाहीत.

येथे दुसरी चौकशी केली तर समाधान होते. गुणाकाराच्या मांडणीला प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात एवढेच लागते, आणि पाय च्या वर्गाच्या अपरिमेयतेला मूळ संख्या किती आहेत याच्याशी काही कर्तव्य नाही. ही खरोखर स्वतंत्र सिद्धता आहे. शिवाय ही वाट तेथेच थांबली नाही. ऑयलरने १७३७ मध्ये याच जातीच्या गुणाकारावरून दाखवले की, मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज कोणत्याही मर्यादेपलीकडे वाढत जाते, आणि युक्लिडच्या तीन वाक्यांतून हे कधीच हाती लागले नसते. शंभर वर्षांनी, १८३७ मध्ये, डिरिक्लेने तीच वाट पुढे नेऊन सिद्ध केले की, उदाहरणार्थ, सातने संपणाऱ्या मूळ संख्याही अनंत आहेत. जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीकडे जाण्याचा लांबचा रस्ता कोणीतरी धरला, म्हणून त्या रस्त्यावरची ही गावे सापडली. ‘रीत चालणार नाही’ असे ऑयलरला कोणी सांगितले असते आणि त्याने ऐकले असते, तर आज संख्या सिद्धांताचा निम्मा भाग आपल्याकडे नसता, असे मला वाटते.

आणखी एकच उदाहरण, तेही आपल्या देशाशी संबंध असलेले. एकपासून दहापर्यंतच्या संख्यांचा गुणाकार ३६२८८०० येतो. तो कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग नाही. दहाच्या जागी दोनपासून पुढची कोणतीही संख्या घ्या, असा गुणाकार कधीच पूर्ण वर्ग नसतो. का? कारण कोणत्याही संख्येच्या निमपटीच्या पुढे आणि त्या संख्येपर्यंत (ती धरून) किमान एक मूळ संख्या असतेच. दहासाठी ती सात आहे. ती त्या गुणाकारात एकदाच येते, कारण तिची दुप्पट मर्यादेबाहेर जाते, आणि पूर्ण वर्गात कोणतीही मूळ संख्या एकदाच येऊ शकत नाही. निमपटीपुढच्या मूळ संख्येची ही गोष्ट म्हणजे फ्रेंच गणितज्ञ बर्ट्रांडचे विधान. त्याने १८४५ मध्ये ते तीस लाखांपर्यंत तपासून मांडले, चेबिशेव्हने १८५२ मध्ये सिद्ध केले, आणि रामानुजन यांनी १९१९ मध्ये अवघ्या दोन पानांत त्याची नवी सिद्धता दिली. ती दोन पाने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. याच संस्थेचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. एर्डश यांनी १९३२ मध्ये आणखी एक सिद्धता दिली, जी बारावीच्या हुशार मुलाला समजू शकते. येथे तर मोठे प्रमेय नेमक्या जागी वापरले आहे. त्याला वळसा म्हणणेही बरोबर नाही.

आता माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. शिक्षकाला एखादी ठरावीक रीत तपासायची असेल, तर तो त्याचा अधिकार आहे, आणि पाठ्यपुस्तकातली रीत प्रत्येक मुलाला आली पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. पण मग प्रश्नात तसे लिहावे: ‘अंकगणिताच्या मूलभूत प्रमेयाच्या आधारे सिद्ध करा’. एवढे चार शब्द वाढवले की वाद मिटतो. ते शब्द प्रश्नात नसतील आणि उत्तर तर्काने निर्दोष असेल, तर केवळ अभ्यासक्रमाबाहेरचे प्रमेय वापरले म्हणून शून्य देणे हा त्या मुलावर अन्याय आहे. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचणाऱ्या मुलांची संख्या आपल्याकडे अशीही फार नाही. त्यातही आपल्या घरी मराठी, शाळेत गुजराती आणि पुढे इंग्रजी अशा तीन भाषांतून गणित शिकणाऱ्या बडोद्याच्या मुलांना एखादे प्रमेय स्वतः शोधून, वाचून, योग्य ठिकाणी लावता आले, ही गोष्ट तांबडी रेघ मारण्याजोगी खचितच नाही.

आणि गुण दिल्यावर शिक्षकाने उत्तराखाली दोन प्रश्न अवश्य लिहावेत. या प्रमेयाच्या अटी कोणत्या आणि त्या येथे पाळल्या गेल्या का? या प्रमेयाच्या सिद्धतेत तुझे हे विधान कोठे वापरले आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाही लगेच ठाऊक नसेल, तर त्यात कमीपणा नाही. मलाही ते चार संध्याकाळी बसून शोधावे लागले, आणि शाळेतून निवृत्त झाल्यानंतरच्या माझ्या सर्वांत सुखाच्या संध्याकाळी त्याच होत्या. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी कोड्यांचा जो कोपरा असतो, त्यात महिन्यातून एकदा एकाच विधानाच्या दोन सिद्धता, एक जवळची आणि एक लांबची, शेजारीशेजारी छापाव्यात अशी माझी आपणांस विनंती आहे. पहिल्या खेपेचा मजकूर मी आणि ती मुलगी मिळून लिहून देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
गणिताचा एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे

ता. क.: पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मुलीने विचारले की, सहाचे घनमूळ या रीतीने येते का, कारण एक, आठ, सत्तावीस यांच्या बेरजा-वजाबाक्यांत तिला सहा कोठे सापडत नव्हते. पूर्णांकांत सापडणारही नाही. पण अपूर्णांकांत सापडते. सतराचा घन ४९१३, सदतीसचा घन ५०६५३, बेरीज ५५५६६. आणि एकवीसचा घन ९२६१, त्याची सहापट तितकीच. म्हणजे क च्या सतरापटीचा घन अधिक क च्या सदतीसपटीचा घन हा क च्या एकवीसपटीच्या घनाच्या सहापट होतो, आणि सहाचे घनमूळ परिमेय असते तर तो प च्या एकवीसपटीचा घन झाला असता. हे गुणाकार तिने माझ्यासमोर हाताने केले आणि खाली दुहेरी रेघ मारली.